अस्वलिणीच्या ताटावर

बार्नाबी ओढा, मोंटाना
२१ सप्टेंबर १९९७

रॉल्फ,

बाबा यंदाही एल्क हरणाच्या शिकारीला जाणार आहेत आणि एकटे जाणार आहेत. हे तुला लिहावं की लिहू नये, यातच माझा सगळा आठवडा गेला. शाळेची बस चालवताना मनात पत्र लिहायचं आणि पोरं उतरली की मनातच फाडून टाकायचं, असं चाललं होतं. आज बसलेय, पण तीनदा उठून झालंय. वारा सुटलाय. तुला आठवत असेल तो, डोंगरावरून उतरणारा, दारं-खिडक्या हलवत राहणारा. त्यात माणूस एका जागी बसूच शकत नाही.

तुझं-माझं भांडण नाही, असं मी स्वतःला सांगत असते. पण तू अलास्कात गेलास त्याला वर्षं झाली, आणि आईच्या दफनाला आलास तेव्हा चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलास आणि कॉफीलाही न थांबता निघून गेलास. म्हाताऱ्याशी तुझं बिनसलं होतं. माझ्याशी काय होतं? असो. ते लिहायला बसलेली नाही.

बाबांना ऐकू येत नाही. 'जरा कमी येतं,' असं ते म्हणतात. परवा ते ट्रॅक्टर मागे घेत होते आणि मागे वासरू उभं होतं. मी अशी ओरडले की शेजारच्या डेल्बर्ट क्विग्लीचा कुत्रा पार त्याच्या फाटकापासून भुंकायला लागला. बाबांनी मान वळवली नाही. वासरालाच अक्कल आली म्हणून ते वाचलं.

हा माणूस ओढ्याच्या वरच्या रानात एकटा जाणार. आपल्या लहानपणी तिथे ग्रिझली अस्वलाचं नाव नव्हतं. आता दर वर्षी माग दिसतात. ऑगस्टमध्ये डेल्बर्टनं एक अस्वलीण पाहिली, दोन पिल्लांसकट. 'तुझ्या भावाच्या वन्यजीव खात्याची लेक आणि नातवंडं,' असं मला सांगत होता.

मी बाबांना म्हटलं, मिरचीचा फवारा तरी न्या. म्हणाले, 'मिरची मांसावर टाकायची असते, मांस खाणाऱ्यावर नाही.' म्हटलं, मग कुणाला तरी बरोबर न्या. म्हणाले, 'कुणाला? होता एक. तो अस्वलांच्या बाजूला गेला.'

इतक्या वर्षांत तुझा विषय त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, रॉल्फ. नाव नाही घेतलं, पण निघाला.

तू येशील का? नाही आलास तर मी जाईन त्यांच्याबरोबर. बंदूक मला चालवता येते. अस्वलाचं मात्र काही कळत नाही. तुझा तर जन्म त्यांच्यात चाललाय. काय करायचं ते लिही.

थोरा


१२ ऑक्टोबर

रॉल्फ,

तुझं पत्र मिळालं. पानभर अस्वल आहे. 'बाबा' हा शब्द एकदाही नाही, येणार का याचं उत्तर नाही आणि मी कशी आहे हेही विचारलेलं नाहीस. तरी आभार. चिडून वाचायला घेतलं आणि मग पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

फवाऱ्याचा डबा पाठीवरच्या पिशवीत नको, हात पडेल तिथे हवा, हे पटलं. गेले दोन दिवस मी स्वयंपाकघरात तो छातीला बांधून फिरतेय आणि भांडी घासता घासता मध्येच उपसून बघतेय. पहिल्यांदा खिट्टी निघता निघेना. आता निघते. बाकीचंही लक्षात ठेवलंय. जनावर पडलं की शिकार संपत नाही, खरा धोका तिथून सुरू होतो, हे तू लिहिलंयस ते मला नवीन होतं. अलीकडे बंदुकीचा आवाज ऐकून अस्वलं पळत नाहीत, जेवणाची घंटा समजून येतात, असं डेल्बर्टही म्हणतो. तेव्हा एकानं कापायचं आणि एकानं पाठ लावून रानाकडे बघत उभं राहायचं. आतडी पडलीत तिथून मांस लांब, उघड्यावर ओढून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत येताना दुरूनच दुर्बिणीतून दिसेल कुणी बसलंय का. आणि डोमकावळे बघायचे. ते जमिनीवर खात असतील तर ठीक. सगळे झाडांवर गप्प बसलेले असतील, तर त्यांना खाली उतरू न देणारं कुणीतरी तिथे आहे.

पत्र मी मुद्दाम टेबलावर ठेवून कामाला गेले. परत आले तर पत्र तिथेच, पण घडी उलटी घातलेली. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तुला वाटतं त्यांना फक्त तुझ्या नोकरीचा राग आहे. तसं नाही. शाळेच्या सभागृहात, सगळ्या शेजाऱ्यांसमोर, सरकारी टोपी घालून तू म्हणालास की अस्वलं आपल्या घरच्याच, ब्रेक्यांच्या मेल्या गुरांच्या खड्ड्यापाशी येतात, आधी तो खड्डा बुजवा. ते खरं होतं. पण घरी जेवताना सांगितलं असतंस तर? ते उठून गेले तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. त्यांना गाडीची किल्ली लावता येत नव्हती.

खड्डा त्यांनी त्याच वसंतात बुजवला. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

थोरा


२५ ऑक्टोबर

रॉल्फ,

उद्या हंगाम उघडतो. हे घाईत लिहितेय. घोडे गाडीत चढवलेत, तंबू बांधलाय, बाबा बाहेर फेऱ्या मारतायत आणि मी आत. डेल्बर्टला सांगून ठेवलंय कुठल्या अंगाला जाणार ते. बाबांसाठी फवाऱ्याचा दुसरा डबा घेतलाय. 'मला नको' म्हणून झालंय. बघते.

मला भीती वाटतेय असं नाही. नुसतं चैन पडत नाही. पलंगावर पडलं की वाटतं काहीतरी विसरलंय, उठून बघावं तर सगळं जागच्या जागी.

थोरा


४ नोव्हेंबर

रॉल्फ,

अक्षराकडे बघू नकोस. उजवा हात जरा दुखावलाय म्हणून डाव्यानं लिहितेय. घोड्यावरून उतरताना पडले.

आम्ही परत आलो. एल्क मिळाला, मोठा नर. अस्वलीण भेटली, पण निभावलं. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. तेवढंच तुला कळवायचं होतं.

दमलेय.

थोरा


१६ नोव्हेंबर

रॉल्फ,

तू डेल्बर्टच्या घरी फोन केलास आणि त्याच्यावर ओरडलास, असं त्याची बायको सांगत होती. त्याच्यावर कशाला? खोटं मी बोलले. मी ग्रेट फॉल्सच्या इस्पितळातून लिहीत होते आणि तुला कळू नये अशी माझी इच्छा होती. कळलं असतं तर तू पहिल्या विमानानं आला असतास आणि बाबांसमोर उभा राहून म्हणाला असतास, 'मी सांगितलं होतं.' तू म्हणाला नसतास तरी तुझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असतं. ते त्यांना त्या दिवसांत सोसलं नसतं. म्हणून.

आता ऐक. जसं झालं तसं सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी नर पाडला. फरच्या दाट झाडीच्या कडेला, उतारावर. एका गोळीत. ऐकू येत नसलं तरी त्यांची नजर अजून तशीच आहे. मी सुरी काढली आणि मनात म्हटलं, आता यांना पहाऱ्याला उभं कसं करायचं? तर ते न सांगता माझ्याकडे पाठ करून, बंदूक हातात धरून उभे. मी कापून संपवेपर्यंत हलले नाहीत. मग मांस डोंगराच्या उघड्या धारेवर न्यायला लागलो, तेव्हा कुरकुरले, पण ओढलं. तुझ्या पत्रातला शब्द न् शब्द त्यांनी पाळला, रॉल्फ. फक्त मुंडकं राहिलं. शिंगांसकट ते फार जड होतं, अंधार पडायला आला होता, म्हणून आतड्यांपाशीच झाडीच्या कडेला सोडून आम्ही तंबूवर आलो.

सकाळी ते कॉफी पीत असताना मी त्यांच्या कमरपट्ट्यात तो दुसरा डबा अडकवला. पोराला दप्तर अडकवावं तसा. त्यांनी खाली बघितलं आणि घोट घेतला. काढला नाही.

धारेवरचं मांस जसंच्या तसं होतं. दुर्बिणीतून पाहिलं, वाऱ्याचा अंदाज घेतला, गाणी म्हणत गेलो. म्हणजे मी म्हटली. घोड्यांवर लादून झालं. निघायचं तर बाबांनी लगाम माझ्या हातात दिले आणि म्हणाले, 'शिंगं घेऊन येतो.' मी म्हटलं, राहू द्या. ओठ वाचून त्यांना कळलं असतं, पण ते बघतच नव्हते. उताराला लागलेसुद्धा.

मग मी डोमकावळे पाहिले. झाडं काळी झाली होती, आणि जमिनीवर एकही नाही.

मी ओरडले. पुन्हा ओरडले. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता, आणि नसता आला तरी काय? ते चालत राहिले. आतड्यांच्या जागी आता मातीचा ढीग होता, वर उपटलेलं गवत. अस्वलिणीनं आपलं खाणं झाकून ठेवलं होतं. बाबा त्या ढिगाशेजारी वाकून शिंगाला हात घालत होते. आणि झाडीतून जबडा वाजवल्याचा आवाज आला, कडक फळ्या एकमेकींवर आपटाव्यात तसा. मला एवढ्या लांबून ऐकू आला. त्यांना नाही.

धावायचं नाही, असं तू लिहिलं होतंस. मी लगाम टाकले आणि धावले. त्यांना धरून ओढायचं एवढंच डोक्यात होतं. ती झाडीतून निघाली ती त्यांच्याच रोखानं, पण पळत येणारी मी तिला दिसली आणि ती वळली. डबा मी उपसला. खिट्टीही निघाली. पण वारा तोंडावर होता, अर्धा फवारा माझ्याच डोळ्यांत आला. मग ती माझ्यावर होती.

दुखलं का, असं सगळे विचारतात. तेव्हा दुखलं नाही. वजन होतं आणि वास होता. मी पालथी पडले, मानेवर हात घेतले, तू लिहिल्याप्रमाणे. तिनं उजवा हात धरला, मग डोकं. माझ्याच कवटीवर दात घासल्याचा आवाज मी ऐकला. तो अजून ऐकू येतो. तो थांबला की मी झोपेन.

बाबांनी बंदूक उचलली होती, पण गोळी कुणाला लागेल याचा भरवसा नव्हता. त्यांनी ती खाली टाकली. आणि ते चालत आले. पळत नव्हे. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. ते तिच्याशी बोलत होते, रॉल्फ. नॉर्वेजियनमध्ये. आजीशी बोलायचे ते. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण सूर ओळखला. बुजलेल्या गाईला गोठ्यात घेताना लावतात तोच. बोलत बोलत इतके जवळ आले की त्यांचा बूट माझ्या पायाला लागला. मग त्यांनी सगळा डबा तिच्या तोंडावर रिकामा केला. थोडा माझ्यावरही. तिघंही खोकत होतो.

ती गेली. वरच्या बाजूला पिल्लं रडत होती, तिकडे.

बाबांनी आपला शर्ट फाडून माझं डोकं आवळलं, मला घोड्यावर बसवलं, मांस तिथेच उतरवून टाकलं आणि खालपर्यंत चालत आले, एक हात माझ्या पाठीला लावून. सगळ्या वाटेत एकच बोलले, 'पोरी, मला हाक मारलीस का?' मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली.

डोकं शिवलंय. हातात धातूच्या पट्ट्या घातल्यात. डॉक्टर म्हणतात बोटं परत चालतील. तू येऊ नकोस. निदान आत्ता नको. तुला मोकळं वाटावं म्हणून यायचं असेल, तर मुळीच नको.

थोरा


३० नोव्हेंबर

रॉल्फ,

तुझं पत्र आलं. आभार. तू एकदाही 'मी सांगितलं होतं' लिहिलं नाहीस. शेवटी विचारलंस की ती अस्वलीण मारली का. भावाचा प्रश्न की खात्याचा, ते कळलं नाही. पण उत्तर देते, कारण त्यात तुझं नाव आहे.

मी इस्पितळातून घरी आले त्याच आठवड्यात डेल्बर्ट आणि वरच्या अंगाची आणखी काही माणसं आली. स्वयंपाकघरात बसली, बूट न काढता. डेल्बर्ट वाईट माणूस नाही. माझ्यासाठी त्याच्या बायकोनं बटाट्याचं सूप पाठवलं होतं, ते हातात घेऊनच तो आला. सरकारी माणसं येऊन पाहून गेली होती आणि म्हणाली होती की ती आपलं खाणं आणि पिल्लं राखत होती, तिच्या मागे लागायचं कारण नाही. डेल्बर्टला ते मान्य नव्हतं. मेलेलं वासरू टाकून तिला ओढ्यापाशी बोलवायचं आणि गुपचूप संपवायचं, असं त्यांचं ठरत आलं होतं. माणसाची चव लागलीय, उद्या शाळेच्या बसथांब्यावर येईल, असं एकजण म्हणाला. खरं सांगू? त्या दिवशी मला ती मेलेली हवी होती. झोप लागेल असं वाटत होतं.

बाबा टेबलाच्या टोकाला बसून एकेकाच्या ओठांकडे बघत होते. तेवढ्यात डेल्बर्टनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, 'एमिल, पहिली गोळी तुझी. तुझा हक्क आहे.'

बाबा म्हणाले, 'नको.'

डेल्बर्टनं हात काढला. बाबा म्हणाले, 'ती माझ्या घरी आली नव्हती. मी तिच्या ताटावर गेलो होतो. शिंगांसाठी. पोरगी मला बोलावत होती आणि मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही, डेल्बर्ट. हे लिहून घे हवं तर. तिच्यावर गोळी घालून माझे कान परत येणार नाहीत.'

डेल्बर्ट पुटपुटला, 'हे तुझं बोलणं नाही. तुझ्या पोराचं आहे.'

बाबांनी हात कानामागे धरला. 'पुन्हा बोल.'

डेल्बर्टची मान खाली गेली होती, पण बोलावं लागलं. मोठ्यानं. 'म्हटलं, हे रॉल्फचं बोलणं आहे.'

'हो,' बाबा म्हणाले. 'त्याचंच आहे. बरोबर होतं ते.'

मग उठून त्यांनी सगळ्यांना कॉफी ओतली. थोडी टेबलावर सांडली, कुणी पुसली नाही. डेल्बर्ट सगळ्यांत शेवटी गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, 'तुला चालेल ना हे?' पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. पण वासरू टाकू नका.

टाकलं नाही. आता बर्फ पडलाय, ती वर कुठेतरी गुहेत शिरली असेल.

आणखी एक, जे मागच्या वेळी लिहिलं नाही. बोटं चालतील असं डॉक्टर म्हणाले ते अंगठ्याबद्दल आणि त्याच्या शेजारच्या बोटाबद्दल. बाकीची तीन मिटत नाहीत. बसचं काय होणार ते माहीत नाही. सध्या बदली माणूस चालवतोय आणि वळणावर गिअर घासतो. घरात बसून ऐकू येतं. मी आणि बाबा दोघंही दिवसभर उठबस करतो. ते दाराकडे जातात, मी खिडकीकडे. मध्ये भेटलो की ते म्हणतात, बस. मी म्हणते, तुम्ही बसा.

मी त्यांच्यावर रागावलेली नाही. तुझ्यावर आहे, जरा. तू इथे असतास तर त्यांच्याबरोबर तू असतास, मी नाही. हे अन्यायाचं आहे, मला कळतं. तरी आहे. तू आलास तर हा राग घेऊन बसलेली बहीण भेटेल, हे आधीच सांगते.

थोरा


१४ डिसेंबर

रॉल्फ,

नाताळला यायचं लिहिलंयस. हो म्हण किंवा नाही म्हण असं मला विचारलंस. मी ते बाबांना विचारायचं ठरवलं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, डाव्या हातानं, आणि त्यांच्या बशीशेजारी ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पाव खाऊन संपवला. मग बाहेर जाऊन गोठ्यासमोरचा बर्फ काढत राहिले, जिथे कुणाची गाडी लागत नाही तिथलासुद्धा.

आत आल्यावर हातमोजे काढता काढता मला म्हणाले, 'तिकडची अस्वलं ह्या दिवसांत झोपतात का? की समुद्राकाठी असतात म्हणून जागी राहतात?'

मी म्हटलं, मला काय माहीत. येतोय ना तो, त्यालाच विचारा.

मी हे त्यांच्यासमोर उभी राहून, सावकाश म्हटलं होतं, ओठ दिसतील असं. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, नाही कळलं, पुन्हा सांगावं.

'विचारीन,' म्हणाले.

थोरा